कोरड्या नदीकाठचे सांडपाणी : नारायणगावाच्या संदर्भात

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे आधुनिक शास्त्र बारमाही नद्यांच्या काठी जन्मास आले. इंग्लंडात १८९८ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने आपल्या १९१२ च्या आठव्या अहवालात शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी एक मर्यादा सुचविली. दर लिटरमागे २० मिलिग्रॅम जैवरासायनिक प्राणवायू-मागणी आणि ३० मिलिग्रॅम आलंबित घनद्रव्ये ही ती मर्यादा होय. पुढे ती अनेक देशांत प्रमाणभूत मानली गेली. तथापि तिला एक अट जोडलेली होती, आणि त्या अटीचा विसर फार लवकर पडला. ज्या प्रवाहात हे पाणी सोडावयाचे, त्यात त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असले पाहिजे, असे कमिशनने गृहीत धरले होते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील नारायणगावासारख्या ठिकाणी हे गृहीत वर्षातील बरेच महिने खोटे ठरते. यास्तव अशा गावाच्या सांडपाण्याचा विचार करताना शुद्धीकरणाच्या पद्धतीआधी, शुद्ध झालेले पाणी जावयाचे कोठे, हा प्रश्न हाती घेणे प्राप्त होते.

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील पुणे-नाशिक महामार्गावरचे व्यापारी गाव. तालुक्याचे ठाणे व नगरपरिषद जुन्नर येथे असली, तरी भाजीपाल्याच्या उलाढालीत नारायणगावाचे नाव पुढे आहे. येथील टोमॅटोचा बाजार महाराष्ट्राबाहेरील व्यापाऱ्यांनाही परिचित आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचर येथे अलीकडे नगरपंचायत स्थापन झाली. नारायणगावाचा कारभार मात्र ग्रामपंचायतीच्याच हाती राहिला. वस्तीने शहर आणि कायद्याने खेडे अशी ही मधली अवस्था आहे. त्यातच वारूळवाडी ही लगतची वस्ती स्वतंत्र ग्रामपंचायतीची. घरे परस्परांस भिडलेली आहेत, सांडपाणी एकाच नदीकडे उतरते, आणि दप्तरे मात्र दोन आहेत.

ही नदी म्हणजे मीना. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावून ती पूर्वेकडे वाहते. नारायणगावाच्या वरच्या बाजूस वडज येथे कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक धरण तिच्यावर बांधलेले आहे. पुढे ती घोड नदीस मिळते, घोड भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठून पंढरपुराकडे जाते. नारायणगावाच्या गटारातून वाहणाऱ्या पाण्याची दिशा चंद्रभागेची आहे, हे नकाशावर बोट फिरविताच ध्यानात येते. वस्तुतः या पाण्यातील बराचसा भाग इतका दूर पोहोचत नाही. तो वाटेतच अडविला जातो, उपसला जातो आणि शेतात पसरतो. प्रश्नाचे खरे गांभीर्य येथेच आहे.

पावसाळ्यात मीना दुथडी वाहते. तो ओसरला की तिच्या पात्रात जे पाणी राहते, ते मुख्यतः धरणातून सोडलेल्या आवर्तनाचे असते. पात्रात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताच त्यांना ढापे बसवून पाणी अडविले जाते, आणि त्या क्षणापासून नदी ही नदी न राहता तळ्यांची एक साखळी होते. वाहत्या पाण्यास हवेतील प्राणवायू सतत मिळत राहतो. साचलेल्या पाण्यास तो फार सावकाश मिळतो. अशा साठ्यात सांडपाणी येऊन मिसळले, म्हणजे तळाशी गाळ बसतो, नत्र व स्फुरद यांच्या पोषणावर जलपर्णी माजते आणि तिच्या आच्छादनाखाली उरलासुरला प्राणवायूही नाहीसा होतो. बंधारा पाणी अडविण्यासाठी बांधला गेला. सांडपाण्याचा विचार त्याच्या आराखड्यात कोठेही नव्हता.

सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या सहस्रांशात मैला, साबण, तेलकट द्रव्ये, अन्नाचे कण, क्षार आणि असंख्य सूक्ष्म जीव यांचा समावेश होतो. यातील सेंद्रिय द्रव्य कुजविताना जिवाणू पाण्यातील विरघळलेला प्राणवायू वापरतात. ठरावीक तपमानास, ठरावीक दिवसांत, एका लिटरमागे किती प्राणवायू खर्ची पडला, यावरून पाण्याची घाण मोजली जाते. हीच बी. ओ. डी. या नावाने सर्वत्र ओळखली जाणारी प्राणवायू-मागणी. इंग्लंडात ही कसोटी पाच दिवसांची ठरली. तेथील नद्यांचे पाणी समुद्रास मिळण्यास याहून अधिक काळ लागत नाही, असे कारण त्यासाठी सांगितले जाते. भारतीय प्रमाणात उष्ण हवामान लक्षात घेऊन २७ अंश सेल्सियस तपमानास तीन दिवसांची कसोटी स्वीकारली गेली. मीनेचे पाणी तर भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. तेव्हा समुद्राच्या हवाली करून मोकळे होण्याची इंग्रजी सोय येथे नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी १०,००० लोकवस्तीचे एक गाव कल्पावे. माणशी दररोज १०० लिटर पाणी वापरले गेले आणि त्यातील ८० लिटर गटारात आले, तर दिवसाचे सांडपाणी ८ लाख लिटर, म्हणजे सेकंदास सुमारे ९ लिटर होईल. माणशी प्राणवायू-मागणी ३० ग्रॅम धरल्यास एकूण भार दिवसास ३०० किलोग्रॅम आणि सांडपाण्याची तीव्रता लिटरमागे ३७५ मिलिग्रॅम येते. आता पाणीपुरवठा जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटरच असेल, तर गटारात ४४ लिटरच येतील. घाण मात्र तेवढीच राहील आणि तीव्रता ६८० मिलिग्रॅमच्या घरात जाईल. पाण्याची टंचाई असलेल्या गावाचे सांडपाणी थोडे असते म्हणून ते निरुपद्रवी असते, हा समज या साध्या भागाकारापुढे टिकत नाही. शहरासाठी सिद्ध केलेले आराखडे लहान गावात जसेच्या तसे आणले असता जे अपयश येते, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच चूक असते.

या मैलापाण्याला नदीत किती पाणी लागेल, हेही पाहण्यासारखे आहे. नारायणगावाच्या उंचीवर व उष्णतेत स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारणतः ७ ते ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे ३७५ मिलिग्रॅम मागणी असलेले एक लिटर सांडपाणी सुमारे ५० लिटर स्वच्छ पाण्यातील सर्व प्राणवायू फस्त करील. मासे जगावेत म्हणून निदान ४ मिलिग्रॅम शिल्लक ठेवावयाचे झाल्यास १०० लिटरांहून अधिक पाणी हवे. सेकंदास ९ लिटर सांडपाण्यासाठी सेकंदास सुमारे १,००० लिटरांचा प्रवाह पाहिजे, असा याचा अर्थ होतो. हवेतून मिळणारा प्राणवायू हिशेबात धरल्यास हा आकडा कमी होईल हे खरे. परंतु उन्हाळ्यातील मीनेकडून त्याच्या अल्पांशाचीही अपेक्षा करता येत नाही. हेच गणित ३० मिलिग्रॅमपर्यंत शुद्ध केलेल्या पाण्यास लावले, तर सुमारे नऊपट पाणी लागते. हे उत्तर कमिशनच्या आठपटीच्या किती जवळ आहे! ती अट कागदी नव्हती. रसायनशास्त्राने घातलेली होती.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा आपला कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वी केला. केंद्र शासनाच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार महानगरांव्यतिरिक्त इतर ठिकाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम बी. ओ. डी. आणि १०० मिलिग्रॅमहून कमी आलंबित द्रव्ये अशी ठरली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली याहूनही कडक मर्यादांचा आदेश दिला. मर्यादा कडक होत गेल्या, परंतु पात्रात पाणीच नसेल तर काय, हा प्रश्न आकड्यांच्या या उतरंडीत अनुत्तरितच राहिला. कोरड्या पात्रात सोडलेले ३० मिलिग्रॅमचे पाणी हीच तेथील नदी असते.

नदी वगळून सांडपाणी जमिनीत मुरवावे, असा उपाय सुचविला जातो, आणि शोषखड्ड्यांचा प्रचारही बराच झाला आहे. घरोघरच्या मोरीचे पाणी जेथे मुरमाड जमिनीत मुरते, तेथे हा उपाय उत्तम होय; रस्त्यावरची घाण व डास यांचा त्याने खरोखर बंदोबस्त होतो. नारायणगावाच्या आसमंतातील भूस्तर मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. वर काळी चिकण जमीन, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक, असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. काळी माती भिजली की फुगते व पाझर बंद करते. खड्डा अशा मातीत असेल तर तो थोड्याच काळात तुंबतो. खड्डा मुरमापर्यंत नेल्यास पाणी झरझर उतरते खरे, परंतु खडकातील भेगा गाळणीचे काम करीत नाहीत. त्या पाण्यास सरळ शेजारच्या विहिरीकडे नेतात. दाट वस्तीत मैलापाण्याच्या बाबतीत शोषखड्ड्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

सेप्टिक टाकीविषयीही एक गैरसमज दृढ आहे. ही टाकी मैल्याची शुद्धी करते, असे लोक मानतात. प्रत्यक्षात ती जड द्रव्ये खाली बसविते, त्यांतील काही अंश प्राणवायूविना कुजविते, आणि प्राणवायू-मागणीचा ३० ते ५० टक्के भाग कमी करते. बाहेर पडणारे पाणी दिसावयास निवळ असले, तरी रोगजंतूंनी भरलेले असते, आणि ते बहुधा उघड्या गटारातच सोडले जाते. टाकीत गाळ साचत गेला की तिची निवळण्याची शक्तीही संपते. मग आत येणारा मैला बाहेर जाणाऱ्या पाण्यासमवेत तसाच वाहू लागतो. टाकी तुंबल्यावाचून ती उपसावयाची नाही, ही सर्वत्र आढळणारी रीत आहे. तिच्यात बदल घडविण्याचा प्रयत्न वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास केला. प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा, मालकाने बोलाविण्याची वाट न पाहता, ठरावीक क्रमाने उपसावयाची आणि तो गाळ स्वतंत्र केंद्रात नेऊन त्याची व्यवस्था लावावयाची, अशी ही योजना. सिन्नर हे नारायणगावाप्रमाणेच पुणे-नाशिक महामार्गावर वसलेले आहे. संपूर्ण गावास भुयारी गटारे घालण्याचा खर्च ज्यांना पेलणार नाही, अशा वस्त्यांना येथून पुष्कळ शिकता येईल.

आता प्रत्यक्ष शुद्धीकरणाकडे वळता येईल. जाळीवर चिंध्या, प्लास्टिक वगैरे अडविणे, वाळू बसू देणे, मग जड सेंद्रिय गाळ निवळू देणे आणि शेवटी विरघळलेली घाण जिवाणूंकडून खाववून घेणे, हा क्रम बहुतेक सर्व पद्धतींत समान आहे. फरक पडतो तो जिवाणूंना प्राणवायू कोण पुरविणार, या मुद्द्यावर. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी क्रियाशील गाळाची पद्धत प्रसिद्ध केली. तीत यंत्राने हवा घालून जिवाणूंचे पुंजके तरंगत ठेवले जातात, आणि निवळलेला गाळ पुनःपुन्हा टाकीत परत आणला जातो. काही तासांत काम उरकते आणि जागा थोडी लागते. हॉलंडमध्ये पास्वीर यांनी १९५० नंतरच्या दशकात, खास लहान वस्त्यांसाठी, याच तत्त्वावर वर्तुळाकार चराची सुटसुटीत रचना केली. शास्त्रदृष्ट्या या पद्धतींत काही उणे नाही.

उणे आहे ते गावाच्या परिस्थितीत. दिवसास ८ लाख लिटर सांडपाण्यासाठी अशा लहान केंद्रात साधारणतः २५० ते ५०० युनिट वीज लागते, आणि ती रोज लागते. वीज काही तास खंडित झाली तर हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात, गाळ काळा पडतो व निवळेनासा होतो. पूर्ववत् होण्यास पुढे कित्येक दिवस जातात. परत किती गाळ घ्यावा आणि किती बाहेर काढावा, हे रोज पाहून ठरविणारा जाणता माणूस हवा. ज्या ग्रामपंचायतीस पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वीजबिल भरतानाच ओढाताण होते, तिने सांडपाण्याच्या पंपासाठी तेवढीच तत्परता दाखवावी, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल. पिण्याचे पाणी एक दिवस आले नाही तर लोक ग्रामपंचायतीच्या दारात जमतात. शुद्धीकरण केंद्र महिनाभर बंद राहिले तरी गावात कोणास कळत नाही. कळते ते खालच्या गावाला. जाता जाता आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्या परिसरात विद्युत् यंत्रांचा गोंगाट जितका कमी तितके खगोलशास्त्रज्ञांना हवेच आहे.

याउलट स्थिरीकरण तळ्यांची पद्धत सूर्यावर चालते. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे नीरी या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेने भारतीय परिस्थितीत या तळ्यांचा विशेष अभ्यास केला. तेथील सोली आर्सीवाला यांचे नाव या विषयाशी कायमचे निगडित आहे. तळ्यातील शैवाल सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते, तो घेऊन जिवाणू घाण कुजवितात, आणि त्यातून निघालेला कर्बवायू व पोषक द्रव्ये शैवालास मिळतात. या देवाणघेवाणीत यंत्रास स्थान नाही. किंमत मोजावी लागते ती काळाची आणि जागेची.

वर कल्पिलेल्या १०,००० वस्तीच्या गावासाठी, सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तपमान २० अंश धरून, हा हिशेब असा मांडता येईल. पहिले तळे खोल व प्राणवायुरहित; त्याच्या दर घनमीटरास दिवसाला ३०० ग्रॅम भार चालतो, म्हणून १,००० घनमीटर आकारमान पुरेसे होते. सव्वा दिवसाच्या मुक्कामात तेथे सुमारे ६० टक्के भार कमी होतो. उरलेल्या १२० किलोग्रॅमसाठी दीड मीटर खोलीचे दुसरे तळे. हेक्टरी दिवसाला सुमारे २५० किलोग्रॅम भार धरल्यास ते साधारण अर्ध्या हेक्टरचे होते आणि पाणी त्यात जवळजवळ नऊ दिवस राहते. त्यापुढे एक मीटर खोलीची दोन उथळ तळी, प्रत्येकी पाच दिवसांची. पाण्याचे एकूण क्षेत्र सुमारे १.३ हेक्टर भरते. बांध, रस्ता व कुंपण धरून २ हेक्टर, म्हणजे पाच एकर जमीन लागेल. ज्या काळ्या मातीने शोषखड्डे तुंबतात, तीच माती या तळ्यांच्या तळास ओलसर ठेवून ठोकून बसविली, तर पाझर रोखण्यास उपकारक ठरते.

शेवटची दोन तळी अनेक आराखड्यांत काटकसरीच्या नावाखाली गाळली जातात. बी. ओ. डी. च्या दृष्टीने त्यांचे काम फारसे दिसत नाही, हे त्याचे कारण. परंतु जंतूंचा नाश प्रामुख्याने तेथेच होतो. दक्षिण आफ्रिकेतील मारे यांनी १९७४ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे वरील चार तळ्यांतून जाताना विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या सुमारे वीस हजारपटीने घटते. मूळ सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे एक कोटी जिवाणू असतील, तर बाहेर पडताना ५०० च्या आसपास उरतील. शेवटची दोन तळी वगळली, तर हाच आकडा एक लाखाच्या घरात राहतो. जंताची अंडी जड असल्याने लांबलेल्या मुक्कामात तळाशी बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाण्यात येणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी १०० मिलिलिटरमागे १,००० जिवाणू आणि लिटरमागे एक अंडे अशी मर्यादा सांगितली होती. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेतील जिवाणूंची मर्यादाही हीच आहे.

नारायणगावाच्या दृष्टीने ही मर्यादा सर्वांत महत्त्वाची का, हे निराळे सांगावयास नको. येथील मुख्य पिके टोमॅटो आणि द्राक्षे ही आहेत. दोन्ही न शिजविता खाल्ली जातात, दोन्ही दूरच्या बाजारात जातात. बंधाऱ्यातून उपसलेल्या पाण्यात गावाचे मैलापाणी मिसळलेले असेल, तर त्याचा परिणाम गावाच्या शिवेपाशी थांबत नाही. त्यात शेतात राबणाऱ्या मजुराचा धोका सर्वांत आधी येतो. खाणाऱ्याचा धोका त्यानंतर. मासे मेल्यावर नदीची घाण डोळ्यांना दिसते. जंताची अंडी तशी दिसत नाहीत, आणि म्हणून सांडपाण्याच्या चर्चेत त्यांना जागाही मिळत नाही.

शुद्ध झालेले पाणी शेतीस देणे हाच येथील स्वाभाविक मार्ग आहे. माणशी दिवसाला ८ ग्रॅम नत्र धरल्यास १०,००० वस्तीच्या सांडपाण्यातून वर्षास सुमारे २९ टन नत्र वाहते. टाक्यांत व तळ्यांत अर्धे हरपले तरी उरलेले नत्र ३० टनांहून अधिक युरियाच्या बरोबरीचे होते. परंतु नत्राची ही देणगी प्रत्येक पिकास मानवत नाही. द्राक्षवेलीस अवेळी अधिक नत्र मिळाले तर पालेदार वाढ होते आणि रोगास आमंत्रण मिळते. उसाचे तसे नाही. तो कच्चा विकण्याऐवजी कारखान्यात जातो, आणि निवृत्तीनगर येथील विघ्नहर सहकारी साखर कारखान्यामुळे या भागात त्यास गिऱ्हाईकही आहे. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास तळ्यांतून १०० घनमीटर पाणी उडून जाईल. राहिलेले ७०० घनमीटर, दिवसास ५ मिलिमीटर या दराने, १४ हेक्टर उसास पुरेल. धरणाचे आवर्तन लांबले असता पस्तीस एकरांस रोज मिळणारे पाणी ही लहानसहान गोष्ट नव्हे. तळ्यांसाठी पाच एकर जमीन द्यावयाची कोणी, या वादात हा दुसरा आकडा क्वचितच मांडला जातो.

जमिनीची अडचण अर्थात खरीच आहे. बागायती जमिनीचा भाव आणि महामार्गालगतच्या घरबांधणीची ओढ यांपुढे पाच एकर मोकळे क्षेत्र मिळणे कठीण. सांडपाणी आपोआप उतरून येते ती सखल जागा बहुधा पूररेषेत असते, आणि तेथे तळी बांधणे म्हणजे पहिल्याच मोठ्या पुरात ती गमावणे होय. तेव्हा सखल भागात पाणी गोळा करून एकदा उंचावर उपसावेच लागेल. मात्र उपशाचा एक पंप आणि चोवीस तास हवा घालणारी यंत्रे यांत मोठे अंतर आहे. पंप चार तास बंद पडला तर पाणी तुंबते, तळ्यातील जीवसृष्टी मरत नाही. जागा अगदीच अपुरी असेल तेथे खडीच्या थरात पाणवनस्पती लावून त्यामधून निवळलेले पाणी नेण्याची पद्धत विचारात घेता येते. नीरीने ती फायटोरिड या नावाने विकसित केली आहे. तिला डास व दुर्गंधी यांचा उपद्रव कमी, परंतु आधीची निवळण नीट न झाल्यास खडी बुजते आणि ती उकरून धुण्याचा खर्च नव्या बांधणीच्या जवळपास जातो.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. उघडी गटारे असल्यामुळे पावसाचे पाणी सांडपाण्यात येणारच. दोन तासांच्या जोरदार सरीत प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट होतो. केंद्राच्या तोंडाशी सांडवा ठेवून जादा पाणी नदीत सोडणे हाच व्यवहार्य उपाय आहे. त्या वेळी नदीतही विरळ करण्यास पुरेसे पाणी असते. अपवाद पहिल्या पावसाचा. आठ महिने गटारात साचलेला गाळ तो एकदम वाहून आणतो आणि मीना अजून वाहती झालेली नसते. रोहिणी-मृगाच्या आधी गटारे उपसण्याची जुनी रीत या कारणाने शास्त्रशुद्धच होती.

नारायणगावाच्या बाबतीत आणखी एका भाराची नोंद घेणे अवश्य आहे. टोमॅटोत सुमारे ५ टक्के घनद्रव्य असते, आणि ते मुख्यतः शर्करा व आम्ले यांचे. ढोबळ हिशेबाने एक टन सडका टोमॅटो गटारात गेला, तर तो सुमारे ३० किलोग्रॅम प्राणवायू मागतो; म्हणजे हजार माणसांच्या एका दिवसाच्या सांडपाण्याइतका. भाव कोसळल्यावर टाकून दिलेला माल कोठे जातो, हा प्रश्न सांडपाण्याच्या अभियंत्यास परका वाटू नये. हा माल गटारात पोहोचण्यापूर्वीच वेगळा काढून खतात किंवा गॅससंयंत्रात घातला पाहिजे. मुंबईत माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतील गॅसवर इंजिन चालविले गेल्याची नोंद आहे. तेव्हा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही.

खर्चाची बाजू थोडक्यात आटोपते. ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील एक भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच वापरण्याचे बंधन होते, आणि स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याचाही अंतर्भाव झाला. बांधणीस पैसा कसाबसा उभा राहतो. वर्षानुवर्षे गाळ काढणे, बांधावरचे गवत कापणे, जाळी रोज साफ करणे यांसाठी नेमलेल्या दोन माणसांच्या पगाराची तरतूद कोणत्याही योजनेत स्पष्ट नसते. नारायणगाव आणि वारूळवाडी यांनी एकच केंद्र चालवावयाचे ठरविल्यास हा पगार कोणत्या प्रमाणात वाटावा, हे लोकसंख्येवर ठरवावे की नळजोडांवर, याचा ठराव बांधकामाच्या निविदेपूर्वीच झालेला बरा.

त्याआधीचे एक काम अभ्यासकांच्या आवाक्यातले आहे. सांडपाण्याच्या ओहोळात ९० अंशांची खाच पाडलेली लोखंडी फळी आडवी बसविली, तर खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजून प्रवाह काढता येतो. मीटरमध्ये मोजलेल्या उंचीचा अडीचवा घात घेऊन त्यास १.३८ ने गुणिले असता सेकंदाचा प्रवाह घनमीटरमध्ये मिळतो; १३.५ सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदास सुमारे ९ लिटर. हे माप दर तासास, सलग चोवीस तास, उन्हाळ्यात एकदा, टोमॅटोच्या ऐन हंगामात एकदा आणि दिवाळीनंतर ढापे बसल्यावर एकदा घ्यावे, व प्रत्येक वेळी नमुन्याची प्राणवायू-मागणी, विष्ठाजन्य जिवाणू आणि जंताची अंडी तपासावीत. माणशी १०० लिटर की ५५ लिटर, हा वाद त्या तीन दिवसांच्या कोष्टकाने मिटतो, आणि तळ्याची लांबी-रुंदी त्याच कोष्टकातून निघते.